बोंडातून पाणी येतंय: आधी काय बघायचं, कधी दाखवायचं

"सिस्टर, जरा बाजूला येता काय?"

सर्जरीच्या ओपीडीत ड्युटीला होते तेव्हा हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, गणती नाही. बाजूला म्हणजे वजनकाट्यामागचा कोपरा. तिथं गेल्यावर बाई पदर पुढं ओढून पर्स उघडायची आणि चार घड्या घातलेला पांढरा रुमाल काढायची. आत रुपयाएवढा पिवळट डाग. "ब्लाऊजला लागलं हुतं. दोन म्हैनं झालं. मी कुणाला बोललो न्हाई अजून." (कोल्हापुरात बायका 'मी बोललो, मी गेलो' असंच म्हणतात. बाहेरून सून होऊन आलेल्यांना वर्षभर त्याचं नवल वाटतं.)

दोन महिने तो रुमाल घेऊन एकटीनं फिरायचं, याचं मला डागापेक्षा जास्त वाईट वाटायचं. बहुतेक जणींचं कारण साधंच निघायचं. ज्यांचं साधं निघत नसे, त्यांचे दोन महिने फुकट गेलेले असायचे. म्हणून ज्यांना असा डाग पहिल्यांदाच दिसलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टर केसपेपरवर 'निपल डिस्चार्ज' लिहितात, पुस्तकात 'स्तनाग्रातील स्राव' असतं. आमच्याकडं म्हणतात, बोंडातून पाणी येतंय. मीही तेच म्हणणार.

आधी हात बाजूला

पहिलं काम म्हणजे पिळून बघायचं नाही. एकदा डाग दिसला की बाई रोज न्हाणीत दाबून बघते. आज येतंय का, कालच्यापेक्षा जास्त आहे का. थेंब येतो, छातीत धस्स होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं तर मूल झालेल्या बाईच्या स्तनातून दाबल्यावर थेंबभर काही निघालं तर त्यात विशेष नाही. वरून बोंडाला सारखा हात लागला की मेंदूला वाटतं बाळ पितंय, आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. म्हणजे तपासणारा हातच पाणी आणत असतो.

पाणी फक्त दाबल्यावरच येत असेल आणि रक्त, गाठ असं काही नसेल, तर दोन आठवडे हात लावू नका. बोंडावर घासणारी घट्ट ब्रा असेल तर तीही बदला. कित्येकींचं एवढ्यावरच थांबतं. आपोआप येत असेल, रक्ताचं असेल, तर मात्र हे दोन आठवडे तुमच्यासाठी नाहीत. सरळ दवाखाना गाठा.

एक सरी ओली की सगळं रान

दुसरं काम बघण्याचं, तेही हात न लावता. स्तनात दूध तयार करणारे १५ ते २० वाटे असतात. त्यांच्या नळ्या बोंडाकडं येतात आणि टोकाला बारीक छिद्रांनी उघडतात. उसाच्या रानातल्या सऱ्या डोळ्यांसमोर आणा. सकाळी रानात गेलात आणि सगळ्याच सऱ्यांत पाणी दिसलं, तर आपण एकेक सरी उकरत बसत नाही. राधानगरी धरणातनं पाणी सुटलं असणार, एवढं म्हणतो. पण सगळं रान कोरडं आणि एकच सरी ओली, तर वाकून बघावं लागतं. त्या सरीतच कुठंतरी खेकड्यानं बीळ केलेलं असतं.

इथंही तसंच. दोन्ही स्तनांतून, बऱ्याच छिद्रांतून पाणी येत असेल तर कारण बहुधा छातीत नसतं, वरच्या धरणात असतं. दिवस गेलेले असतात, गोळ्या चालू असतात, थायरॉइड बिघडलेलं असतं, नाहीतर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जास्त प्रोलॅक्टिन सोडत असते. एकाच स्तनातून, एकाच छिद्रातून येत असेल तर त्या नळीतच काहीतरी आहे असं धरून तपासायचं.

तर प्रश्न तीन. आपोआप येतं की दाबल्यावर? एका बाजूनं की दोन्हीकडून? एकाच छिद्रातून की अनेक? उत्तरं तारखेसह वहीत लिहा. 'उजवीकडं, घड्याळात दोन वाजतात त्या जागेवरून' असं लिहिलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम झालं. आपोआप म्हणजे झोपेतून उठल्यावर ब्लाऊजला डाग, भाकरी थापताना अचानक ओल. ही नोंद घरी तुम्हीच करू शकता. ओपीडीतल्या पाच मिनिटांत ते कुणाला दिसणार नाही.

रंगाला किती महत्त्व द्यायचं

लोक समजतात त्यापेक्षा कमी. पण एक-दोन रंग महत्त्वाचे आहेत, आणि ते ओळखायला रुमालवाल्या बायकांची रीतच बरोबर आहे: पांढऱ्या सुती कापडावर टिपायचं आणि दिवसाउजेडी बघायचं. बोंडावर काळा दिसणारा थेंब कापडावर टिपला की कधी गर्द हिरवा निघतो. हा हिरवा-काळपट, दाटसर स्राव पाळी जायच्या वयाच्या आसपास येतो. नळ्या रुंदावतात, आत साचलेलं बाहेर पडतं. घाबरवणारा दिसतो, बहुतेकदा निरुपद्रवी असतो. पिवळट किंवा मातकट रंगाचंही बऱ्याचदा असंच.

गंमत अशी की हिरवं-काळं बघून बायका धावत येतात, आणि पाण्यासारखं स्वच्छ काही आलं तर "घाम असंल" म्हणून सोडून देतात. खरं तर उलटं करायला हवं. एकाच बाजूनं, आपोआप येणारं स्वच्छ पाणी आणि रक्ताळलेला स्राव, लाल असो, गुलाबी असो की चहासारखा तपकिरी, हे दोन्ही दाखवायलाच हवेत. एकाच नळीतून रक्त येण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे पॅपिलोमा, नळीच्या आतला मसासारखा बारीक कोंब. तो सहसा कॅन्सर नसतो. पण पॅपिलोमा आहे की दुसरं काही, हे रुमालाकडं बघून कुणालाच सांगता येत नाही, मलासुद्धा नाही.

पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत गुलाबी-तपकिरी थेंब येऊ शकतात. स्तन झपाट्यानं वाढतात, आत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यातून ते येतं. बहुधा काही दिवसांत थांबतं आणि तोवर बाळाला पाजायला हरकत नसते. डॉक्टरांच्या कानावर घालाच, आणि आठवडा उलटूनही थांबलं नाही तर तपासून घ्या.

गोळ्यांची पिशवी

आता माझ्या आवडीचा भाग, कारण याबद्दल कुणी विचारत नाही.

एक अडतिशीची बाई आली होती. दोन्ही बाजूंनी दूध, पातळ, पांढरंशुभ्र. धाकटा मुलगा सहावीत. पाळी दोन महिने आलेली नाही, त्यामुळं सासूबाईंना वेगळीच शंका. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. बाई रडकुंडीला आलेली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या काही चालू? "न्हाई, काय न्हाई." मग मी विचारलं, "ताई, ॲसिडिटीचं काय घेता?" तर म्हणे, "ती व्हय, ती रोजच घेतो. ती काय गोळी हाय व्हय?"

पर्समधून पट्टी निघाली. पाठीमागच्या बारीक अक्षरात दोन नावं: रॅबेप्राझोल आणि लेवोसल्पिराइड. पहिलं आम्ल कमी करणारं. दुसरं जठराची हालचाल वाढवणारं, आणि तेच प्रोलॅक्टिनही वाढवतं. कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी बाईनं मेडिकलमधून आणून पाच महिने घेतली होती. डॉक्टरांनी ती बंद केली. काही आठवड्यांत दूध आटलं आणि पाळीही आली.

आमच्या गावात सकाळी मिसळ आणि रविवारी तांबडा-पांढरा, त्यामुळं ॲसिडिटीची गोळी घरोघरी मीठ-हळदीच्या डब्याशेजारी असते. तिला कुणी औषध समजत नाही. म्हणून तिसरं काम असं: घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा, मागची बारीक अक्षरं वाचा. लेवोसल्पिराइड, डोमपेरिडोन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, ही नावं असली तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल, ब्लडप्रेशरची मिथिलडोपा, व्हेरापॅमिल आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनीही असं होऊ शकतं. पिशवी जशीच्या तशी दवाखान्यात न्या. पण मनाची किंवा प्रेशरची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती अचानक सोडल्यानं होणारा त्रास दुधाच्या चार थेंबांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

याच जोडीला दोन साध्या गोष्टी बघा. पाळी चुकली असेल तर बाकी सगळ्याआधी प्रेग्नन्सी किट आणा. आणि बाळाचं अंगावरचं नुकतंच तोडलं असेल, तर त्यानंतर काही महिने, कधी वर्षभरही, दाबल्यावर थोडं दूध येत राहतं.

किती घाई करायची

त्याच दिवशी जायचं: स्तन लाल, गरम, ठणकतोय, ताप आलाय, बोंडातून पू येतोय. पाजणाऱ्या बाईला हे जास्त होतं. कोबीची पानं, शेक हे करत चार दिवस काढू नका. आत पू साचून गळू झालं की तो सुईनं ओढून किंवा चिरा देऊन काढावा लागतो. दूध तुंबू द्यायचं नाही, पाजणं सहसा चालू ठेवता येतं.

आठवड्याच्या आत: रक्ताचं किंवा स्वच्छ पाणी, एकाच बाजूनं आपोआप येणारं काहीही, स्रावाबरोबर स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. वय पन्नाशीच्या पुढं असेल तर नव्यानं सुरू झालेला कुठलाही स्राव याच रांगेत धरा.

दुधासारख्या स्रावाबरोबर पाळी लांबणं, वारंवार डोकं दुखणं आणि बाजूचं कमी दिसणं, म्हणजे स्कूटर चालवताना कडेनं आलेली रिक्षा अचानक समोर उगवल्यासारखी वाटणं, हे असेल तर पिट्युटरीवरच्या गाठीची शंका घेतात. नजरेवर परिणाम होत असेल तर दिवस घालवू नका. ही गाठ बहुतेकदा साधी असते आणि गोळ्यांनी आकसते.

पुरुषांच्या बोंडातून काही आलं तर रंग, बाजू काही बघत बसू नका. थेट दाखवा. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, आणि ते आपल्यापेक्षा जास्त लाजतात.

मलमाचा फसवा प्रकार

हे लिहिताना मला अजून कसंतरी होतं. माझ्या नणंदेच्या डाव्या बोंडावर खाज सुटली, खपली धरली, ब्राला चिकट ओल लागायची. मी नर्स असूनसुद्धा म्हटलं, "इसब असेल वन्सं, मलम लावा." मेडिकलमधून ट्यूब आणली. खाज कमी व्हायची, परत यायची. असे तीन महिने गेले. शेवटी सर्जननी बोंडावरच्या कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला. तो पॅजेट नावाचा आजार निघाला, दिसायला इसबासारखा पण मुळात स्तनाचा कॅन्सर. तिचा नळीच्या आतच होता, ऑपरेशन झालं, ती आता बरी आहे. मला मात्र त्या ट्यूबचा रंगसुद्धा आठवतो.

फरक साधारण असा की इसब बऱ्याचदा दोन्हीकडं आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळावर सुरू होतं. पॅजेट एकाच बाजूला, थेट बोंडावर सुरू होतो आणि मग पसरतो. एका बोंडावरची खाज-खपली दोन-तीन आठवड्यांत पूर्ण गेली नाही तर मलम बदलू नका, डॉक्टरला दाखवा.

तान्ह्याची छाती पिळू नका

नवजात बाळाची छाती कधीकधी फुगते आणि दुधासारखा थेंब येतो. मुलगा असो वा मुलगी. आईच्या संप्रेरकांचा तो उरलेला परिणाम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. आपल्याकडं मालीश करणारी बाई किंवा आजी ते 'काढून टाकतात'. त्यानं जंतू आत जाऊन बाळाला गळू होतं. आजीला वाईट वाटलं तरी चालेल, हात धरा.

कुठं जायचं

खेड्यात असाल तर आशाताईला सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनांची तपासणी तशीही करायची असते, त्यामुळं तुम्ही काही जगावेगळं विचारताय असं नाही. कोल्हापूर शहरात दसरा चौकातलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि कसबा बावड्यातलं सेवा रुग्णालय ही सरकारी ठिकाणं. खाजगीत बहुतेक जणी आधी गायनॅककडं जातात, तेही चालतं. पण एका बाजूचं, रक्ताचं किंवा गाठीसह असेल तर सर्जनकडं जायचं हे लक्षात ठेवा. सीपीआरला सकाळी लवकर या, केसपेपर काढून सर्जरीची ओपीडी विचारा. खिडकीवर मोठ्यानं कारण सांगायची गरज नाही. "छातीचा त्रास" म्हटलंत तर मेडिसिनला पाठवतील, तेव्हा "सर्जरी" एवढंच म्हणा.

पुरुष डॉक्टर असेल म्हणून कितीजणी परत जातात. हा संकोच इथं जुनाच आहे. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानानं अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमलं होतं. काम सुरू करण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या वारल्या. आज स्त्री डॉक्टर मागता येते. नसलीच तर तपासताना सिस्टर जवळ थांबेल असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. सांगा.

ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पहिल्या दिवसापासून पिशवीत असू द्या.

तपासण्यांचं थोडक्यात

डॉक्टर आधी दोन्ही स्तन आणि काखा हातानं तपासतात, आणि कुठं दाबल्यावर थेंब येतो ते बघतात. पिळायचंच असेल तर ते त्यांनी एकदा करावं. दोन्हीकडून दूध येत असेल तर रक्तात प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड. प्रोलॅक्टिनची एक खोड आहे: धावपळीनं, ताणानं, नुकत्याच झालेल्या स्तनतपासणीनंही ते वाढतं. म्हणून एसटीतून उभ्यानं आल्या आल्या हात पुढं करू नका. सकाळी, अर्धा तास शांत बसून मग रक्त द्या. दिवस गेलेले नसताना ते मिलिलिटरमागं साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत असतं. रिपोर्टवर लॅबची स्वतःची मर्यादा छापलेली असते, ती बघा. थोडंसं वाढलेलं दिसलं तर बहुतेकदा पुन्हा तपासतात. शेकड्यांत गेलं तर पिट्युटरीचा एमआरआय सांगतात.

एका बाजूचं असेल तर सोनोग्राफी, आणि चाळिशीच्या पुढं त्याबरोबर मॅमोग्राफी. मॅमोग्राफीत स्तन दोन पाट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो. दुखतं, पण तेवढ्यापुरतंच. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात गेलात तर त्रास कमी होतो. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही लावू नका. फोटोत त्याचे कण चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि मग सगळ्यांनाच घोर. साडी किंवा दोन तुकड्यांचा ड्रेस घाला, गाऊन नको, नाहीतर सगळंच उतरवावं लागतं.

काही दिसलं तर सुईनं तुकडा घेतात. सुईनं कॅन्सर पसरतो हे ओपीडीच्या बाकावर ऐकाल. कानाआड करा, तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही. स्राव काचेवर घेऊनही तपासतात, पण त्यात काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच असं होत नाही. त्यावर विसंबून घरी बसू नका. नळीत पॅपिलोमा असेल तर बहुधा तेवढी नळी काढतात. बोंडाच्या कडेनं छोटा छेद असतो, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

आणि समजा सोनोग्राफी, मॅमोग्राफी दोन्ही नॉर्मल आल्या, तरी त्याच छिद्रातून आपोआप रक्त येतच राहिलं, तर "रिपोर्ट चांगलाय की" म्हणून कुणी परत पाठवलं तरी ऐकू नका. बारीक पॅपिलोमा या दोन्हींत सुटू शकतो. पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या, आणि त्या तारखेला वही, पिशवी आणि रुमाल घेऊन या. रुमाल धुवू नका.